मधला तुकडा

"रविवारी नाश्त्याला बोलाव त्यांना. मग बघू," दादा आत्याला म्हणाला.

दादाच्या 'मग बघू'चा अनुभव काही बरा नव्हता. त्याच्या थोरल्या लेकीने मांजर पाळू का विचारलं, तेव्हा 'मग बघू' झालं होतं. मांजर अजून उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. बारकीच्या चाकांच्या बुटांचंही तेच. आणि इथे तर प्रश्न आत्याच्या लग्नाचा होता.

तशी ती दादाची धाकटी बहीण. पण भाच्या बोलायला लागल्या आणि घरातले सगळेच तिला आत्या म्हणायला लागले, दादासुद्धा. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. स्वतःचं कमवत होती, स्वतःचं ठरवू शकत होती. दादा नाही म्हणाला असता तरी लग्न अडलं नसतं. पण आई-बाबांच्या मागे तिला वाढवलं ते दादाने. त्याचं मन मोडून लग्न केलं, तर रविवारची सकाळ हातची जाणार होती आणि ते तिला परवडणारं नव्हतं.

रविवारी नाश्ता दादा करायचा. इतर दिवशी तो काचा कापायचा, खिडक्यांच्या आणि आरशांच्या. रविवारी मात्र ओट्सचा भाज्या घातलेला, ओव्हनमध्ये भाजलेला चौकोन व्हायचा. त्याला घरात नाव नव्हतं, सगळे नुसतं 'रविवार' म्हणायचे. "रविवार उरलाय का?" असं सोमवारी विचारलं तरी कुणाला नवल वाटत नसे.

ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आत आत्या होती आणि बाहेर तो. दार उघडेपर्यंत तिने घाबरू नये म्हणून त्याने फटीतून स्वतःच्या चष्म्याच्या तक्रारी सांगितल्या. त्या खऱ्या होत्या, हे तिला नंतर नंबर काढताना कळलं. वहिनीने त्याला बघायच्या आधीच 'लिफ्टवाले' करून टाकलं होतं.

रविवारी आत्याने त्याला जिन्यातच गाठलं.

"हे बघ, फार बोलू नकोस. आणि कडेची तारीफ कर."

"कशाची?"

"कडेची. खरपूस कड. या घरात सगळे तिच्यावर जीव टाकतात. वहिनी तुला कोपरा देईल, तो मान असतो. खाल्लास की म्हण, वा, काय कड आहे."

"आणि आवडली नाही तर?"

"आवडेल," आत्या म्हणाली. लिफ्टवाल्याने मान डोलावली, पण ती मान काही तिला भरवशाची वाटली नाही.

स्वयंपाकघरात दादा काकडीसारखी दिसणारी झुकिनी किसून, मीठ लावून बसला होता. मिठाने पाणी सुटलं की तो ती फडक्यात पिळायचा, तीही अशी, की फडक्याने दया मागावी. मग दुधात भिजलेले ओट्स, फेटलेली अंडी, गाजर, पालक, कांदा, मिरपूड. वरून चीज, तेही बेताचं. ट्रे आत गेला, ओव्हनचा पंखा सुरू झाला.

लिफ्टवाल्याने कान टवकारले. आत्याने डोळ्यांनी नको नको म्हटलं.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला.

"कशाचं?" दादाने वळून विचारलं.

"पंख्याचं. घरघर ऐकू येतेय ना? गरम हवा एकाच बाजूला जास्त जात असेल. तुमची डावी बाजू आधी लाल होते का?"

डावी बाजू आधी लाल व्हायची. दर रविवारी दादा मध्येच ट्रे फिरवायचा आणि त्याला आपलं कसब समजायचा. आता तो "होते कधीकधी" एवढंच म्हणाला आणि ओटा पुसायला लागला. ओटा स्वच्छच होता.

"गप्प बसायला सांगितलं होतं ना?" आत्या कुजबुजली.

"फार बोललो नाही. एकच तर सांगितलं."

बाहेर काढल्यावर ट्रे लगेच कापायचा नाही, हा दादाचा नियम. आतली वाफ जिरली नाही तर चौकोनाचा लगदा होतो. सगळे टेबलाभोवती बसून वासावर दिवस काढत होते. वहिनीने पाहुण्यांना पगार सोडून सगळं विचारलं. थोरलीने विचारलं, "लिफ्टमध्ये उडी मारली तर काय होतं?" बारकीने विचारलं, "तुम्ही आत्याला मुद्दाम अडकवलं होतं का?"

"बारके!" वहिनी ओरडली. दादाच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, पण लगेच जागेवर गेला.

मग त्याने सुरी घेतली. काच कापणाऱ्याचा हात तो. उभ्या दोन रेघा, आडव्या दोन, नऊ सारखे चौकोन. वाटणी ठरलेली. तापलेला पत्रा दोन्ही बाजूंनी लागतो, म्हणून कोपरे सगळ्यात कुरकुरीत. ते चार, आणि खाणाऱ्याही चार, वहिनी, थोरली, बारकी आणि आत्या. कडेचे तुकडे दुसऱ्या वाढणीला. आणि ज्याला पत्रा कुठूनच लागत नाही तो मधला मऊ तुकडा दादाचा. त्याला तोच आवडायचा. निदान तो तसं म्हणायचा.

वहिनीने आपल्या वाटचा कोपरा पाहुण्यांच्या ताटलीत ठेवला. आत्याने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला.

लिफ्टवाल्याने कोपऱ्याकडे पाहिलं. मग दादाच्या ताटलीकडे पाहिलं.

"मला मधला मिळेल का?"

सगळ्यांचे चमचे थबकले.

"मधला ह्यांचा असतो," वहिनी हळूच म्हणाली.

"अरे, मग राहू द्या, राहू द्या," म्हणत तो आपल्या कोपऱ्याची खरपूस कड सुरीने सोलायला लागला. अलगद, एखाद्या तारेवरचं प्लास्टिक काढावं तशी. सोललेली पट्टी त्याने ताटलीच्या काठाला ठेवली. बारकीचा आ वासला. संपलं, आत्याला वाटलं. दुकानात बसून कोरडा पाव खायचे रविवार तिच्या डोळ्यांपुढून ओळीने गेले.

"कड आवडत नाही तुम्हाला?" दादाने विचारलं.

लिफ्टवाल्याने आत्याकडे पाहिलं. मग खरं तेच बोलला.

"नाही हो. टाळूला टोचते. मला आतलं आवडतं, ओलसर. भाजीची चव तिथेच तर राहते."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने आपली ताटली पुढे सरकवली आणि पाहुण्यांची स्वतःकडे ओढली. "घ्या."

लिफ्टवाल्याने मधला तुकडा चमच्याने मोडला, तोंडात घातला, डोळे मिटले. दादाने अर्धवट सोललेला कोपरा उचलला आणि चावला. कर्र असा आवाज झाला. तो हळूहळू चावत राहिला. मग ताटलीच्या काठावरची पट्टीही त्याने उचलली आणि तीही खाल्ली.

"बाबा, तुला कड आवडत नाही ना?" थोरली म्हणाली.

दादाच्या तोंडात घास होता.

"अहो," वहिनीने चमचा खाली ठेवला. "लग्न झाल्यापासून मला सांगत आलात, मधलाच आवडतो म्हणून!"

"कोपरे चारच असतात," दादा म्हणाला.

बारकीने आपल्या कोपऱ्याचा चावलेला तुकडा दादाच्या ताटलीत ठेवला, दातांच्या खुणांसकट. आत्याला पाणी प्यावंसं वाटलं, म्हणून ती प्यायली.

"कडेचे तुकडे आहेत की अजून," लिफ्टवाला गोंधळून म्हणाला. "मी काही चुकीचं बोललो का?"

"छे, छे," वहिनी म्हणाली. "तुम्ही खा हो पोटभर."

दादाने आणखी एक कडेचा तुकडा घेतला, मग आणखी एक. हात पुसले आणि उठला.

"ते बेअरिंग," तो म्हणाला, "बाहेरून दिसतं का, की मागचा पत्रा काढायला लागतो?"

"पत्रा काढायला लागेल. स्क्रू-ड्रायव्हर आहे?"

"काच बसवणाऱ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर नसेल होय? बघून घ्या कुठलं लागतं ते. पुढच्या रविवारी येताना घेऊन या. आणि जरा लवकर या, झुकिनी पिळायला एक हात कमी पडतो."

दोघं ओव्हन भिंतीपासून पुढे ओढायला लागले. स्क्रू हरवू नयेत म्हणून लिफ्टवाल्याने ते मधल्या तुकड्याच्या रिकाम्या ताटलीत ठेवले. बारकी बॅटरी धरून उभी राहिली आणि भलतीकडेच उजेड पाडत राहिली.

वहिनीने ट्रे आत्याच्या पुढ्यात सरकवला आणि त्याला चिकटलेली कड नखाने खरवडत विचारलं, "मग काय, महिना कुठला धरायचा?"