दोन धुलाईघरं

इस्पितळाच्या देखभाल विभागाची ती प्रमुख. दुरुस्तीच्या कामांसाठी सॉफ्टवेअर आलं, तेव्हा त्यातली ठिकाणांची मांडणी तिनेच केली होती. आधी इमारत, मग मजला, मग खोली, आणि खोलीत कोणतं यंत्र. इमारती दोन होत्या आणि दोन्हींच्या तळमजल्यावर धुलाईघर होतं.

मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत नेमकं तेच खुपलं. "तळमजला दोनदा, धुलाईघर दोनदा! अहवाल केवढा लांबतो. एकत्र करून टाका."

"साहेब, घोटाळा होईल."

"तुम्हाला ना, खुसपट काढल्याशिवाय चैन पडत नाही!"

सासऱ्यांच्या आजारपणासाठी ती रजेवर गेली, आणि साहेबांनी परस्पर सॉफ्टवेअरमधली इमारतीची पायरीच उडवली.

ती परतली त्याच सकाळी फिटर भाजला. बिचारा नुकताच बदलून आलेला. नव्या इमारतीच्या धुलाईघरात वाफेचा दाब दाखवणारा काटा बिघडला होता, तो बदलायचा होता. तिथल्या माणसाने पाइप दाखवला. बॉयलरच्या खोलीत दोन्ही इमारतींचे व्हॉल्व्ह शेजारी शेजारी. सॉफ्टवेअरमध्ये आता धुलाईघर एकच उरलं होतं; त्यातून मोबाइलवर जो नंबर आला, तो व्हॉल्व्ह फिटरने बंद केला. तो निघाला जुन्या इमारतीचा. काटा तर आधीच शून्यावर अडकलेला, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. त्याने पाना फिरवला आणि उकळत्या वाफेचा झोत थेट हातावर आला.

दुपारी ती वॉर्डात गेली. कोपरापर्यंत पट्ट्या. उशाशी बसलेल्या बायकोने एक कागद पुढे केला. निष्काळजीपणाची नोटीस! जखमेवरचं औषध अजून वाळलं नव्हतं.

"ताई, यांचं खरंच चुकलं का हो?"

"नाही वहिनी. अजिबात नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती साहेबांच्या खोलीत शिरली. साहेबांनी चौकशीचा अहवाल सहीसाठी पुढे सरकवला. "मानवी चूक, दुसरं काय!"

"मानवी चूक आहेच, साहेब. तुम्ही माणूस चुकीचा धरलाय."

"आवाज खाली!"

"आवाज खालीच आहे. सही मात्र करणार नाही. आणि ठिकाणं पूर्ववत होईपर्यंत वाफेच्या एकाही कामाला माझी परवानगी नाही."

परवानगी नाही म्हणजे उघडा पडलेला पाइप जोडता येईना, आणि नवं धुलाईघर ठप्प. संध्याकाळपर्यंत मळक्या चादरींचे ढीग जिन्यापर्यंत आले. मुख्य परिचारिका तणतणत आली, सगळं ऐकलं आणि साहेबांकडे वळली. "आता रुग्णांना कशावर झोपवू? तुमच्या अहवालावर?"

साहेबांनी फोन फिरवला. इमारती पुन्हा वेगळ्या झाल्या, नोटीसही मागे घेतली. "झालं ना मनासारखं? करा सही."

तिने अहवाल वाचला. कारणाच्या जागी आता नुसतं 'तांत्रिक अडचण' होतं.

"ठिकाणं कोणाच्या सांगण्यावरून एकत्र केली, तेही लिहा."

"अहो, आता कशाला उकरून काढता?"

"त्याच्या हाताची सालटी निघालीत म्हणून."

बराच वेळ घालवून साहेबांनी ते वाक्य लिहिलं, बारीक अक्षरात. तिने सही केली. फिटरची माफी मात्र त्यांनी मागितली नाही. वॉर्डाकडे जाताना ती वाटभर स्वतःशीच पुटपुटत होती. राग काही केल्या उतरत नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.