सगळ्या बाह्या डाव्या

टाचणीचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते तिथेच राहिलं. शिवताना तोंडात चार टाचण्या धरायची तिची सवय, आणि त्या काढून ती जे बोलायची ते टाचण्यांहून टोचायचं, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. बावीस वर्षं ती त्याच कपड्यांच्या कारखान्यात खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर बसत होती. कारखाना म्हणजे एक लांबलचक हॉल, तीस मशिनं, तीस बायका, आणि हॉलच्या त्या टोकाला कटिंगचं टेबल. टेबल वीस फूट लांब आणि चांगलं छातीएवढं उंच. बायका जे शिवणार ते आधी त्या टेबलावर कापलं जाणार, आणि त्या टेबलापाशी कापायला म्हणून आजवर एकही बाई उभी राहिलेली नव्हती. निदान वहीत तरी तशी नोंद नव्हती.

वहीबाहेरची गोष्ट वेगळी. टेबल होतं मास्तरांचं. माणूस हाडाचा कारागीर, पण शेवटची दोन वर्षं त्यांना खडूची रेघ दिसेनाशी झाली. डोळ्यांवर उपचार झाले, चष्मे बदलले, फरक शून्य. तेव्हा एक दिवस डब्याच्या सुट्टीत त्यांनी टाचणीला हळूच हाक मारली आणि खडू तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून बाकीच्या बायका डबे उघडायच्या आणि टाचणी रिकामं खोकं उलटं घालून त्यावर चढायची. पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, खुणा करायच्या, कटिंगचं मशीन चालवायचं, आणि घंटा व्हायच्या आत खाली उतरून आपल्या जागेवर. पोळी खायची ती बाही शिवता शिवता. हे सगळ्या हॉलला माहीत होतं. मालकांनाही माहीत होतं. त्या वेळेला ते हॉलमधून गेलेच तर छताच्या पंख्यांकडे बघत जायचे.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी मालकांनी छोटंसं भाषण केलं. गेल्या दोन वर्षांत मास्तरांच्या हातून एक साधी चूक नाही, म्हणाले. मास्तर आपल्या बुटांकडे बघत उभे. टाचणीला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. कसले बोलतात. उलट मालकांनी त्याच दमात जाहीर करून टाकलं की सोमवारपासून टेबल त्यांच्या मेहुण्याकडे. बायकांनी टाळ्या वाजवल्या, टाचणीनेही वाजवल्या, आणि तिला स्वतःच्याच हातांचा राग आला.

आता हा मेहुणा कोण, तर मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. वय पस्तीस. आधी मोबाईलचं दुकान काढून झालं, मग कोंबड्या पाळून झाल्या, मग कसलीशी एजन्सी. ज्याला हात लावला त्याचं वाटोळं झालं. शेवटी त्याने दोन महिन्यांचा कटिंगचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट चौकट करून टेबलामागच्या भिंतीवर टांगलं. बटणवाली, म्हणजे बटणं लावणारी ती सगळ्यात लहान पोरगी, म्हणाली की चौकट मात्र सरळ टांगली आहे, एवढं तरी येतंय.

त्या संध्याकाळी टाचणीने घरी भांडी जरा जास्तच आपटली. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मालकाला दोन शेलक्या शिव्या घातल्या, आणि मग विचारलं, "पण तू मागितलंस का?"

खरंच की. दोन वर्षं तिने काम केलं होतं, वाट बघितली होती, मनातल्या मनात त्या टेबलाचे खण लावून ठेवले होते. पण मला हवंय असं तोंड उघडून ती कुणालाही म्हणाली नव्हती. एरवी कुणाला म्हणून न सोडणारी ही बाई, आणि स्वतःसाठी बोलायची वेळ आली की टाचण्या तोंडात. तिला त्या रात्री मालकापेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि टेबल मागून टाकलं. मालक वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कुठलीही गोष्ट उद्यावर ढकलता आली की बरं वाटायचं. मालकांनी कारणं सांगितली. टेबल उंच आहे. कापडाचे तागे जड असतात. उद्या घरी कुणी आजारी पडलं की तुम्ही रजा टाकणार. टाचणीने सांगितलं की बावीस वर्षांत माझ्या रजा किती झाल्या ते वही काढून बघा, आणि तागे टेबलावर रोज कोण चढवतं तेही बघा. तागे चढवायच्या त्या दोघी बायकाच होत्या. उंचीचं म्हणाल तर खोकं आहे. त्यावर मालक हसले. खोक्यावर उभा राहणारा मास्तर कुणी पाहिलाय का, म्हणाले. आणि मग समजुतीच्या सुरात, "बाई, तुम्ही शिवणाच्या लाईनवरच हव्यात. सांभाळून घेणारं तुमच्यासारखं दुसरं कोण आहे?"

हे सांभाळून घेणं म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या कारखान्यात कापताना चूक झाली की ती कापणाऱ्याची नसायची. पाठ अर्धा इंच कमी आली, बायकांनी ओढून बसवायची. गळा जास्त खोल गेला, बायकांनी चुणी घालून झाकायचा. मेहुण्याच्या पहिल्या पंधरा दिवसांत तीस बायकांनी इतकं सांभाळून घेतलं की त्यांच्या मानेत लचक भरली आणि मेहुण्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपण फार छान कापतो असं त्याचं प्रामाणिक मत झालं.

तेवढ्यात मोठी ऑर्डर आली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातल्या इस्पितळाला नर्सांचे चारशे कोट हवे होते, लांब बाह्यांचे. नेहमीचं कापड दोन्ही बाजूंनी सारखं असायचं, हे खास होतं. वरची बाजू गुळगुळीत, डाग न धरणारी. आतली बाजू मऊ, घाम टिपणारी. लांबून दोन्ही सारख्याच पांढऱ्या.

मास्तरांच्या साच्यांची एक रीत होती. पुठ्ठ्यात बाही एकच असायची. कापड अंथरताना एक थर उलटा, एक सुलटा, तोंडाला तोंड लावून टाकायचा. एकदा कापलं की डावी-उजवी जोडी आपोआप निघायची. कोर्समध्ये मेहुण्याला दोन बाह्यांचे दोन साचे दिले होते. त्यामुळे त्याने सगळे थर सुलटेच अंथरले, एकावर एक, अगदी सुरकुती न पडू देता, आणि वर मास्तरांची एकुलती बाही मांडली.

टाचणीने ते आपल्या जागेवरून पाहिलं. खिडकीचा उजेड कापडाच्या कडेवर पडला होता आणि सगळे थर एकसारखे चकाकत होते. ती उठली, टेबलापाशी गेली आणि सांगितलं, भाऊ, थर उलटसुलट करा, नाहीतर सगळ्या बाह्या एकाच हाताच्या निघतील. मेहुणा म्हणाला, काकू, तुमचं मशीन तिकडे. ती मालकांकडे गेली. मालक फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं की शिकतोय तो, जरा सांभाळून घ्या. टाचणी परत येऊन बसली. तिने दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा सगळ्यांनी ऐकलं होतं. आता देवसुद्धा तिला बोल लावू शकत नव्हता.

दुपारी बाह्यांचे गठ्ठे लाईनवर आले. आठशे बाह्या. टाचणीने गठ्ठा सोडला, पहिली बाही घेतली, डावी. दुसरी घेतली, डावी. शेजारणीने आपल्या गठ्ठ्यातली उचलली, तीही डावी. हॉलभर कुजबुज पसरली. मेहुणा आला, बघितलं, त्याचा चेहरा उतरला. पण लगेच सावरून म्हणाला की त्यात काय, अर्ध्या उलट्या करून लावा, पांढरं ते पांढरंच.

म्हणजे चारशे नर्सांच्या उजव्या हाताला डाग धरणारी बाजू वर. रक्त, औषध, काय काय उडत असेल त्यांच्या अंगावर. टाचणीच्या डोळ्यांपुढे ती कुठली कोण बाई आली, कधी न बघितलेली, नळाखाली एकच बाही घासत उभी. तीही तिकडे कुणाकुणाचं सांभाळूनच घेत असेल.

टाचणीने तोंडातल्या चारही टाचण्या काढून मशीनजवळच्या छोट्या उशीत खोचल्या. मशीनचं बटण बंद केलं. मग उठून बाह्यांचा आपला गठ्ठा घेतला, हॉलभर चालत गेली आणि तो टेबलावर नेऊन ठेवला. "मी हे झाकणार नाही," ती म्हणाली. ओरडून नव्हे, साध्या आवाजात.

शेजारचं मशीन बंद झालं. मग त्याच्या पलीकडचं. बटणवाली तर गठ्ठा घ्यायलाही थांबली नाही, आधी धावत टेबलापाशी पोचली आणि मग गठ्ठा आणायला परत गेली. पाच मिनिटांत तीसही मशिनं गप्प होती आणि टेबलावर डाव्या बाह्यांचा ढीग लागला होता. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये कामाच्या वेळेत छताच्या पंख्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. तो ऐकूनच मालक बाहेर आले.

मालकांनी आधी दम दिला, मग विनवणी केली, मग मास्तरांना आणायला गाडी पाठवली. बायका हाताची घडी घालून उभ्या. अर्ध्या तासाने मास्तर आले. टेबलापाशी गेले, बाही उचलली, बोटांनी दोन्ही बाजू चाचपल्या. मालक म्हणाले, मास्तर, आता तुम्हीच वाचवा. मास्तरांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

"मला ही बाही दिसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही माझं जे कौतुक केलंत ना, ते सगळं काम हिचं होतं. मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला."

टाचणीने मास्तरांच्या हातातली बाही घेऊन ढिगावर ठेवली. रडायला अख्खी संध्याकाळ पडली होती. मालकांनी कपाळ पुसलं आणि तिच्याकडे वळले. बरं बाई, म्हणाले, एवढी ऑर्डर काढून द्या, पुढचं मग बघू.

"मग नाही, साहेब. आता." टाचणीने टेबलावर हात ठेवला. "टेबल माझं. मास्तरांना होता तो पगार. आणि लाईनवरच्या ज्या बाईला कापायला शिकायचंय तिला मी शिकवणार, डब्याच्या सुट्टीत नाही, कामाच्या वेळेत. हे कागदावर लिहून सही करा, मी खडू उचलते."

मालकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा सर्टिफिकेटच्या चौकटीकडे बघत होता. मग त्यांनी हॉलकडे पाहिलं. तीस बायका, एकीचीही नजर खाली नाही. ऑर्डरला नऊ दिवस उरले होते. ते केबिनमध्ये गेले आणि कागद घेऊन आले. बटणवालीने तो मोठ्याने वाचला, एक ओळ राहिली होती ती घालायला लावली, पुन्हा वाचला. मग सही झाली.

टाचणी खोक्यावर चढली. उरलेले तागे तिने डोळ्यांनी मोजले. कोटांचे पुढचे-मागचे भाग अजून कापायचे होते, ते नशीब. जास्तीच्या चारशे डाव्या बाह्यांतून तिने सगळे खिसे आणि कॉलरची आतली बाजू काढली, तेवढं कापड ताग्यावर वाचलं, आणि साचे एकमेकांना खेटून बसवून त्यातून चारशे उजव्या बाह्या निघाल्या. मेहुण्याला तिने समोर उभं केलं. थर धरा म्हणाली, आणि काकू म्हणू नका, मी तुमच्याहून सातच वर्षांनी मोठी आहे. तो निमूटपणे थर धरू लागला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः एक उलटा पडलेला थर पकडला आणि इतका खूश झाला की तिलाही हसू आलं.

कोट वेळेवर गेले. पुढच्या सोमवारी मालकांनी सुताराला बोलावलं. आता मास्तरीणबाई खोक्यावर बऱ्या दिसत नाहीत, असं त्यांचंच म्हणणं पडलं. टेबलालगत लाकडी पायरी करायची होती. सुताराने टाचणीला जागेवर उभं केलं, तिच्या दोन्ही बाजूंना खडूची खूण केली आणि म्हणाला, तीन फूट पुरे.

"टेबल केवढं आहे?" टाचणीने विचारलं.

"वीस फूट."

"मग पायरी वीस फूट करा."

सुतार म्हणाला, उभ्या राहणार तुम्ही एकट्या, उगाच लाकूड कशाला फुकट घालवता. टाचणीने हॉलकडे वळून हाक मारली. बटणवालीने हातातली बटणं डबीत टाकली आणि आली. तिच्या मागून आणखी दोघी उठल्या, मग ताग्यांवरच्या त्या दोघी. सुताराने एकदा त्यांच्याकडे बघितलं, कानामागची पेन्सिल काढली आणि वीस फूट लिहून घेतलं.

टाचणीने कापडाचा एक तुकडा बटणवालीच्या हातात दिला. "डोळे मीट," ती म्हणाली, "आणि सांग, याची वरची बाजू कुठली."