पैलवान बोकडाची किडनी

सुंदररावांच्या कापसाच्या शेडपुढे सकाळीच एवढी माणसं जमली की चपला काढायला जागा उरली नाही. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावरचा आचारी आला होता, युसूफ वडगावहून जीप भरून बायका आल्या होत्या, आणि ज्यांना काहीच झालेलं नव्हतं तेही आले होते, कारण चहा फुकट होता. शेडच्या मधोमध एक निळा प्लास्टिकचा टब. टबात पाणी, आणि पाण्यात केसरबाईचे दोन पाय.

"येतंय... येतंय..." डोळे मिटून वृक्कानंद महाराज पुटपुटत होते.

"आलं की वं माय!" केसरबाई ओरडली.

खरंच आलं होतं. मघाशी नितळ असलेलं पाणी आधी पिवळसर झालं, मग तपकिरी, आणि बघता बघता गटारीचं वाटावं असं झालं. वर फेस धरला. फेसात काळपट-हिरवे कण तरंगू लागले. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"हा तुमच्या किडनीत साठलेला जन्माचा मळ," महाराज म्हणाले. "वय झालं की किडनी मंदावते. तुम्ही दात घासता, भांडी घासता, ट्रॅक्टरचं फिल्टर बदलता. किडनीचं फिल्टर कधी धुतलंत का, माउली?"

केसरबाईनं कधीच धुतलं नव्हतं. आपण एवढ्या गलिच्छ कशा राहिलो, या विचारानं ती बिचारी शरमून गेली आणि जाताना संजीवनी पुडीचे दोन डबे घेऊन गेली. डब्यावर महाराजांचा फोटो होता. आत काय आहे ते मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

चहाची किटली हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या तुळजाबाईंनी हे सगळं पाहिलं. रोजच पाहत होत्या. शेड त्यांचं, चहा त्यांचा, आणि या दरबारातला पहिला भक्त त्यांचा नवरा. सुंदरराव कधीकाळी पंचायत समितीचे सभापती होते. पद जाऊन जमाना झाला, पण गाव अजून 'सभापती' म्हणायचं आणि त्यांनाही ते आवडायचं. रक्तदाबाची गोळी चालू होती. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर किडनी थोडी दमलीय असं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी चुकवू नका, मीठ कमी करा, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून मनानं आणून खाता त्या दुखण्याच्या गोळ्या आधी बंद करा. बस. ना हार, ना शाल, ना कुणी 'सभापती' म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाचा आजार आणि त्यावर एवढंच?

महाराजांनी आल्या आल्या त्यांना हार घातला आणि रक्तदाबाची गोळी सोडायला सांगितली. ते विषच किडनीत साठतं म्हणे.

गोळी सुटली आणि सुंदररावांच्या घोट्यांना सूज आली. सकाळी चहा देताना तुळजाबाई त्यांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून बघायच्या. कणकेत दाबावा तसा अंगठा रुतायचा आणि खड्डा तसाच राहायचा.

"आवं, ह्ये बरं लक्षण न्हाई."

"तुला काय कळतं? महाराज म्हणलेत, विष खाली उतरायलंय. सूज आली म्हंजे गुण आला."

तुळजाबाई किटली घेऊन उठायच्या. पहिल्या दिवशी टबातलं पाणी बघून त्यांनीही हात जोडले होते. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? सून योगिता हायस्कूलात विज्ञान शिकवायची. तिनं एकदा तोंड उघडलं तर सासऱ्यांनी तिथल्या तिथं मिटवलं, "सूनबाई, शाळा शाळेत." पण तो खड्डा काही तुळजाबाईंच्या डोक्यातून जात नव्हता. अलीकडे सुंदररावांना ओसरीच्या पायऱ्या चढतानाही धाप लागायची. आपण टबाकडे बघत राहायचं आणि हा माणूस डोळ्यांदेखत हातचा जायचा, या भीतीनं त्यांना घास गोड लागेना.

त्या रविवारी रांगेत एकदम आरडाओरडा झाला. "आरं, मागं हो बे! शिंग लागंल!"

म्हाळू आला होता. गावाबाहेर माळावर त्याचा शेळ्या-मेंढ्यांचा वाडा. खांद्यावर घोंगडी, आणि हातात दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काळाभोर, दाढीवाला, कपाळाला भंडारा लावलेला बोकड.

"ह्यो कोण?" सुंदररावांनी विचारलं.

"पैलवान हाय, सभापती. खंडोबाला सोडलाय. चंपाषष्ठीला द्यायचाय. पन कालधरनं ह्याला लघवीच होईना. नुस्ता कण्हतोय, चार थेंब पडत्यात. देवाचं जनावर हाय, दुखनाईत कसं द्यावं? म्हनलं, एवढी मानसं बरी व्हायलीत, ह्याचीबी किडनी धुऊन घ्यावी." आणि म्हाळू इतरांसारखाच रांगेत मान खाली घालून उभा राहिला. शेजारच्या चंद्रभागाबाईनं जरा सरकून बोकडाला जागाही करून दिली.

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "हे मानवाचं यंत्र आहे. जनावराला किडनी नसते."

शेडमधली माणसं एकमेकांकडे बघू लागली. महाराज बाहेरगावचे. आपण कुठं काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मागून ढाब्यावरच्या आचाऱ्यानं अगदी नम्रपणे विचारलं, "मंग महाराज, मी रोज गुर्दा-कलेजी फ्राय करतो, त्यातला गुर्दा कशाचा म्हनायचा?"

हशा फुटला. म्हाताऱ्यांची बोळकी हसली, बायका पदराआड हसल्या. एकटे सुंदरराव हसले नाहीत. आपण आणलेल्या महाराजांवर गाव हसतं म्हणजे आपल्यावरच हसतं. ते उठून उभे राहिले.

"महाराज, घ्या त्याला. जनावर का असंना, तुमची शक्ती एकदा समद्यांना दिसू द्या!"

नाही म्हणायची सोय राहिली नाही. नवं पाणी भरलं. महाराजांनी चिमूट-चिमूट करत चांगली मूठभर विभूती टाकली, भोकाभोकांची तांब्याच्या रंगाची डबी पाण्यात सोडली. डबीची वायर मागे भगव्या कापडाखाली गेली होती. तिथं म्हणे मूळ शक्तिपीठ होतं. म्हाळूनं पैलवानाचे पुढचे दोन पाय उचलून टबात ठेवले. महाराजांनी डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला.

पैलवानाला ते पाणी काही रुचलं नाही. त्यानं लगेच एक पाय काढला, मग दुसरा. म्हाळू त्याला धरायला गेला तोवर तो टबाला वळसा घालून महाराजांच्या पाठीमागे पोहोचला, आणि तिथं त्याला महाराजांच्या गळ्यातल्या झेंडूच्या हाराचं मागं लोंबणारं टोक दिसलं.

महाराजांचे डोळे मिटलेलेच. "येतंय... येतंय... बोकडाच्या किडनीतलं विष येतंय..."

पाणी पिवळं झालं. बोकड झेंडू चघळत होता.

"लई जुना मळ आहे! पायांवाटे सुटतोय! आता बघा!"

पाणी तपकिरी झालं. फेस आला. हार निम्मा संपला.

तुळजाबाईंनी टबाकडे पाहिलं, मग बोकडाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. तेवढ्यात म्हाळू भाबडेपणानं म्हणाला, "महाराज, पैलवान तर कवाच भाईर निघालाय. मंग ह्यो मळ कुनाचा?"

महाराजांनी डोळे उघडले. मान वळवली, तर हाराचं शेवटचं फूल जात होतं.

"त्याचा... त्याचा प्रभाव पाण्यात राहतो," ते चाचरत म्हणाले. "सूक्ष्म देह! क्वांटम ऊर्जा!"

तुळजाबाई किटली खाली ठेवून घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन लाटणी होती. महाराज दोन पावलं मागे सरकले, पण लाटणी त्यांच्यासाठी नव्हती. तुळजाबाईंनी टब उपडा केला, हापशाचं नवं पाणी भरलं आणि दोन्ही लाटणी त्यात उभी धरली.

"टाका विभूती," त्या म्हणाल्या.

"माउली, असा शक्तीचा अपमान..."

"योगिता!"

योगिता याच हाकेची वाट बघत होती. तिनं विभूतीच्या वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. "मीठ आहे, आत्याबाई. नुसतं मीठ." आणि पाण्यात मूठभर सोडून तिनं ती डबी आत ठेवली.

सगळं शेड वाकून बघू लागलं. पाणी पिवळं झालं. मग तपकिरी झालं. मग फेस आला, काळपट-हिरवे कण आले, अगदी केसरबाईला आले होते तसेच.

"बया!" चंद्रभागाबाई म्हणाली. "काकू, तुमच्या लाटण्याच्या किडन्या पार गेल्यात!"

आता हसू कुणाला आवरेना. योगितानं भगवं कापड ओढलं. खाली ट्रॅक्टरची बॅटरी होती, आणि तीही सुंदररावांच्याच ट्रॅक्टरची. डबी उघडली तर आत दोन लोखंडी पट्ट्या, त्यातली एक पार कुरतडल्यासारखी झिजलेली.

"मिठाच्या पाण्यात लोखंड आणि बॅटरीचा करंट," योगिता म्हणाली. "लोखंड विरघळतं, त्याचा गंज होतो. हा तुमच्या किडनीतला मळ नाही, या पट्टीचा गंज आहे. फेस वायूच्या बुडबुड्यांचा. पाय घाला, लाटणं घाला, नाहीतर काहीच घालू नका, पाणी असंच होणार. किडनी रक्त गाळते आणि घाण लघवीवाटे बाहेर टाकते. तळपायाला किडनीचं दार नाही."

महाराजांनी काढता पाय घेतला, पण दारात ढाब्यावरचा आचारी आणि त्याच्यासारखेच चार धिप्पाड भक्त उभे होते. पोलीस पाटलाला निरोप गेला, आणि संध्याकाळपर्यंत ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रारही झाली. पुड्यांचे डबे तपासणीला गेले.

गर्दी पांगली. सुंदरराव खुर्चीत तसेच बसून राहिले. चेहरा उतरला होता. गावासमोर नाक कापलं गेलं होतं, आणि त्याहून मोठं काहीतरी आता कुठं त्यांच्या ध्यानात येत होतं. आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत ते म्हणाले, "म्हंजे मी आन् त्यो बोकड सारखाच फसलो म्हन की."

"न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "बोकड लवकर भाईर निघाला."

सुंदररावांनी बायकोकडे रागानं पाहिलं. मग त्यांना हसू आलं, हसता हसता धाप लागली, आणि डोळ्यांत पाणी आलं. "चल," ते म्हणाले. "दवाखान्यात चल."

पैलवानाला जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. लघवीच्या वाटेत टोकाशी बारीक खडा अडकला होता, तो काढला. पैलवान मोकळा झाला तेव्हा म्हाळूनं आनंदानं भंडारा उधळला. सुंदररावांचं इतकं सोपं नव्हतं. डॉक्टर आधी रागावले, मग म्हणाले, "गेलं ते सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. तसं सांगणारा तुम्ही नुकताच बघितलाय. पण जेवढं आहे तेवढं टिकवता येतं, आणि ते तुमच्याच हातात आहे."

खरं तर महाराजांचं एक वाक्य खोटं नव्हतं. वय वाढतं तशी किडनी थोडी मंदावतेच. लबाडीचं दुकान असंच एका खऱ्या वाक्यावर उघडतं आणि पुढं सगळा माल खोटा विकतं. किडनी धुवायला कुठला टब लागत नाही. ती स्वतःच धुणारी आहे, आपण फक्त तिच्यावर जुलूम करायचा नाही. रक्तदाब आणि साखर काबूत ठेवा, ताटातलं लोणचं-पापड कमी करा, तंबाखू सोडा, चालत राहा, आणि गुडघा दुखला की मेडिकलमधून मनानं गोळी आणून खाऊ नका. पाणी तहानेप्रमाणे प्या, पण पायाला सूज असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासा. आणि पुडी असो, काढा असो की मोबाइलवर मागवलेली ताकदीची बाटली असो, आत काय आहे ते कळल्याशिवाय आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात घालू नका. कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी म्हाळूनं विचारला तेवढा एक प्रश्न विचारा.

सुंदररावांच्या घरी आता आळणी भाजी होते. ते रोज तिला नावं ठेवतात आणि रोज खातात. सकाळी चहाच्या आधी तुळजाबाई हातावर गोळी ठेवतात, ती गिळून होईपर्यंत समोरून हलत नाहीत, आणि मग खाली बसून त्यांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबतात.

परवा त्यांनी असाच अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडलाच नाही.

"कावून गं, काय झालं?" सुंदररावांनी विचारलं.

"काई न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत चहा आणायला उठल्या.