आतेची चाल

लहानपणी काजूच्या झाडावरून पडल्यापासून पद्मावतीचा डावा पाय आखूड राहिला होता. लंगडताना सगळा भार उजव्या पायावर यायचा, त्यामुळे चाळिशीतच त्याचाही गुडघा झिजला. तिचं लग्न जमलं नाही. भाऊ रविराज होडीवर आणि वहिनी दिव्या मासे विकायला जाई, तेव्हा त्यांची छोटी वर्षाली दिवसभर आतेच्या मागे मागे असायची.

चालायला लागलेली वर्षाली लंगडतेय हे लक्षात आलं, तेव्हा घरच्यांचा धीर सुटला. वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी तिचे पाय, खुबे नीट तपासले. कुठेच दोष नव्हता.

“घरात कोणी लंगडतं का?” त्यांनी विचारलं.

दिव्याने नुसतं पद्मावतीकडे पाहिलं.

“मी,” पद्मावती म्हणाली. “माझंच बघून चालते ती.”

त्या दिवसापासून वर्षालीसमोर ती दातओठ खाऊन सरळ चालायला बघू लागली. गुडघा सुजून टम्म झाला.

“कित्याक जीव काढतस गो आक्का?” रविराज कळवळून म्हणाला.

शेवटी तिने चालणंच सोडलं आणि ती दिवसभर पडवीत बसून राहू लागली.

पावसाळा सरेपर्यंत वर्षाली सरळ धावू लागली. तोवर पद्मावतीचा गुडघा पुरता आखडला होता. भिंत धरूनही तिला उभं राहवेना.

वर्षाली येऊन तिचा हात ओढायची. “आते, ऊठ गो! दर्यार जावया.”

“माका कंटाळो इलो गो बाय,” पद्मावती हसून म्हणायची. “तू धाव. मी हयसून बघतंय.”