नखभर आखूड पाय

बसा, पण जरा जपून. मी घड्याळजींच्या पुढच्या खोलीतली खुर्ची बोलतेय. माझा मागचा डावा पाय नखभर आखूड आहे. मला घडवलं त्या दिवशी सुताराचं घरी काहीतरी बिनसलं असावं. खात्रीनं सांगता येणार नाही. मी तेव्हा नुकतीच खुर्ची झाले होते.

आधी मी एका वाचनालयात होते. माझ्यावर बसलेला वाचक दोन पानांत उठायचा. वाचनालय बंद पडलं तेव्हा घड्याळजी मला डोक्यावर घेऊन घरी आले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे बाईंनी, मला दारातच टेकवून पाहिलं.

"अहो, ही डुगडुगते."

"उद्या बघतो," घड्याळजी म्हणाले.

त्याला अकरा वर्षं झाली. माणूस आळशी नव्हता. केसाएवढी स्प्रिंग ते श्वास रोखून बसवायचे. माझं मात्र रोज उद्यावर जायचं. संध्याकाळी बाई माझ्यावर बसून भाजी निवडायच्या, मी डुगडुगायचे, त्या विचारायच्या, "कधी?" आतून उत्तर यायचं, "उद्या." यालाच ते दोघं संसार म्हणत असावेत.

मग एका मंगळवारी घड्याळजी दुकानात काम करता करता गेले. हातातलं घड्याळ चालू झालं होतं म्हणे.

लोक भेटायला येऊ लागले. मला बाईंच्या समोर ठेवण्यात आलं. पाहुणा बसला की बाई म्हणायच्या, "जपून, ती हलते. हे नेहमी म्हणायचे..." तेवढ्यात पाहुणा म्हणायचा, "धीर धरा." हे मी त्या आठवड्यात एकोणतीस वेळा ऐकलं. नंतरचा प्रश्न ठरलेला, "पण नेमकं झालं काय?" मग बाईंनी मंगळवार पहिल्यापासून सांगायचा. एक साहेब स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन सविस्तर सांगून गेले. निघताना बाईंनीच त्यांना "काळजी घ्या" म्हटलं.

"काही लागलं तर सांगा," असं सगळेच म्हणाले. बाईंना एवढंच लागत होतं की 'हे नेहमी म्हणायचे' याच्या पुढचं कुणीतरी ऐकावं. ते कुणी विचारलं नाही. बाई रडल्याही नाहीत. "आई अजून रडली नाहीये, मला भीती वाटते," असं मुलगी फोनवर दबक्या आवाजात सांगत होती.

नवव्या दिवशी मास्तर आले. घड्याळजींचे चाळीस वर्षांचे मित्र, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. आधी दोनदा फाटकापर्यंत येऊन परत गेले होते. मी खिडकीतून पाहिलं होतं.

"वहिनी, बोलताना चुकेन म्हणून लिहून आणलंय," असं म्हणत त्यांनी कागद उलगडला, चष्मा लावला आणि पाठ टेकली. मी माझं नेहमीचं काम केलं. मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला.

"अजून डुगडुगतेच का ही? लबाड आहे लेकाचा! अकरा वर्षं मला सांगतोय..."

मास्तरांनी जीभ चावली. मुलगी दारात थिजली.

"माफ करा वहिनी. हे कागदावर नव्हतं."

बाई हसल्या. "उद्या बघतो! मलाही रोज हेच म्हणायचे हो, मास्तर," असं म्हणत खूप हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. मास्तर धीर धरा म्हणाले नाहीत. पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवून थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आणखी काय म्हणायचा तो?"

बाई तासभर सांगत होत्या.

निघताना मास्तरांनी कागदाची चौघडी केली, कष्टानं खाली वाकले आणि ती माझ्या आखूड पायाखाली सरकवली. "तात्पुरतं," ते म्हणाले. मी जन्मात पहिल्यांदा चारही पायांवर उभी राहिले. मजकूर चांगला असावा. भार नीट पेलत होता.

दुसऱ्या संध्याकाळी बाई भाजी घेऊन बसल्या. मी हलले नाही. त्यांनी वाकून खाली पाहिलं. मग उठल्या, कागद ओढून काढला, न उघडता घड्याळजींच्या हत्यारांच्या खणात ठेवला आणि पुन्हा बसल्या. मी डुगडुगले.

"कधी?" बाईंनी विचारलं.

मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"उद्या," त्या स्वतःच म्हणाल्या, आणि भाजी निवडू लागल्या.

तेव्हा भेटायला आलात तर अवश्य बसा. तोल गेला तरी घाबरू नका, आणि बाई 'हे नेहमी म्हणायचे' म्हणाल्या की थोडं गप्प राहा. माझा पाय मात्र कृपा करून कुणी दुरुस्त करू नका.