पेन्सिलीतली गाडी

पाच वाजता संगमनेरच्या दवाखान्यात बहिणीला, लंकाबाईला, ऑपरेशनसाठी आत नेणार होते. त्याआधी सूर्यभानांना तिची माफी मागायची होती. वडिलांच्या दहाव्याला ते तिला नको ते बोलून उठून गेले होते. त्याला सात वर्षं झाली.

पाथर्डीहून निघालेल्या बसमध्ये त्यांनी मोबाईल उघडला. लंकाबाईची नात निकिता संगमनेरला इंजिनिअरिंग शिकत होती. एसटीचा प्रवास शोधून देणारं ॲप तिनं केलं होतं, आणि त्यातल्या वेळा एकेकाळी वाहतूक नियंत्रक असलेल्या सूर्यभानांच्याच जुन्या वहीतून घेतल्या होत्या.

नगरला गाडी बदलली तर संगमनेर साडेपाच. पण ॲप सांगत होतं, चिंचफाट्याला उतरा, १२.४० ची गाडी धरा, ४.१० ला पोचाल.

त्यांनी निकिताला फोन लावला. "हे शोधतं कसं गं?"

"आधी एका गाडीनं कुठंकुठं जाता येतं ते बघतं, आजोबा. मग त्या प्रत्येक थांब्यावरून पुढची गाडी. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात लवकर पोचलेला प्रवासी तेवढा ठेवतं, मागं राहिलेले सोडून देतं."

"सोडलेल्यांचं काय होतं?"

"भुतं होतात!" ती हसली. "लवकर या, आजी सारखी दाराकडं बघतीय."

फोन ठेवल्यावर त्यांना आठवलं. बंद झालेली गाडी शाईनं खोडणं अशुभ, म्हणून ते वहीत पेन्सिलीनं बारीक 'बंद' लिहीत. निकितानं काढलेल्या वहीच्या फोटोंत पेन्सिल उमटली नसणार. चिंचफाट्याची गाडी बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती.

"चिंचफाटा हाय का कुणी?" कंडक्टर ओरडला.

सूर्यभान अर्धवट उठले. उतरलो आणि गाडी आलीच नाही तर? नेहमीसारखे ते पुन्हा खाली बसले. घंटी वाजली.

बस हलल्यावर त्यांनी मागं पाहिलं. फाट्यावर एक जुनी लाल गाडी उभी होती. पांढरी टोपी घातलेला, काखेत कापडी पिशवी धरलेला एक म्हातारा तिच्यात चढत होता. सूर्यभानांनी डोक्यावरची पांढरी टोपी आणि मांडीवरची आपली तशीच पिशवी चाचपली.

साडेचारला, नगरला बदललेल्या गाडीत, कोल्हारजवळ, फोन वाजला.

"आजोबा, चहाला म्हणून गेलात ते कुठं आहात? आजीला आत न्यायला आलेत. तुम्ही माफी मागितलीत ना, लई खूश आहे ती. फक्त म्हणत होती, दादाचा हात एवढा गार कसा."

"निकिता, मी अजून बसमध्येच..."

"हॅलो? आजोबा? काहीच ऐकू येत नाहीये."

फोन बंद झाला. नगरपासून कंडक्टर दोनदा त्यांच्या सीटवरून तिकिटं विचारत पुढं गेला होता. पैसे धरलेला त्यांचा हात अजून तसाच पुढं होता.