राजीनामा नहीं होगा

सेक्टर ४३ च्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर गजाननरावांनी डबा उघडला आणि लगेच बंद केला. थालीपिठाच्या वासाने शेजारचे दोन वकील वळून बघायला लागले होते, आणि गजाननरावांना कोणी वळून बघितलेलं चालत नसे. केंद्र सरकारच्या नोकरीत एकतीस वर्षं त्यांनी एवढ्या एका तत्त्वावर काढली होती. निवृत्तीला अकरा महिने उरले असताना त्यांच्या बायकोवर दावा लागला होता.

"उघडा हो तो डबा," रागिणीबाई म्हणाल्या. "थालीपिठावर अजून मनाई हुकूम नाही आलेला."

मनाई हुकूम मागितला होता तो रागिणीबाईंच्या लेखणीवर. शहराबाहेर खरड नावाच्या गावात त्यांनी फ्लॅट घेतला होता. मुलगी चिन्मयी तिथे राहून सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात नोकरीला जायची. त्या इमारतीची लिफ्ट मनात येईल तेव्हा दोन मजल्यांच्या मध्ये थांबायची. एकदा चिन्मयी चाळीस मिनिटं आत अडकली. बिल्डरला चार पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. तेव्हा रागिणीबाईंनी सगळं लिहून काढलं. तारीख, वेळ, कोण अडकलं, किती मिनिटं. मराठी मंडळाचा आठ पानी मासिक अंक त्याच काढत. त्यात मराठीत छापलं आणि फ्लॅटवाल्यांच्या ग्रुपवर हिंदीत टाकलं. शेवटी एक ओळ होती, 'महिन्याभरात दुरुस्ती झाली नाही तर ग्राहक कोर्टात जाऊ.' महिना व्हायच्या आत बिल्डरच कोर्टात गेला. या बाईंना लिहू देऊ नका आणि दुसऱ्या कुठल्या कोर्टातही जाऊ देऊ नका, असं त्याचं म्हणणं होतं.

गजाननरावांचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं. "मिटवून टाक गं," असं ते सकाळी चहाला आणि संध्याकाळी जेवताना म्हणत. "पाया पडतो तुझ्या." त्यांची झोप उडाली होती. बीपीची अर्धी गोळी पूर्ण झाली होती.

सकाळी सुनावणी झाली तेव्हा जज मॅडम फाईल वाचून आल्या होत्या.

"वकीलसाहब, इसमें झूठ क्या है? वो लाइन बताइए."

बिल्डरच्या वकिलांनी मागे वळून बिल्डरशी कुजबुज केली.

"जी, मैडम ने लिखा है लिफ्ट सात बार रुकी. छह बार रुकी है जी."

कोर्टात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना एकाएकी बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "लंच के बाद ऑर्डर दूँगी. आपस में कोई बात करनी हो तो तब तक कर लीजिए."

म्हणून हा डबा बाहेर आला होता. रागिणीबाईंनी मात्र एक तुकडाही मोडला नाही. "हरलीनबरोबर फोटोकॉपी काढून येते," म्हणून त्या उठल्या. हरलीन म्हणजे त्यांची वकील, चिन्मयीची मैत्रीण. दोघी जिन्याकडे गेल्या आणि बिल्डरचे वकील येऊन त्यांच्या जागेवर बसले. अंगाने भरलेले, आवाजाने गोड.

"अंकलजी, आप समझदार आदमी हो. मैडम से राजीनामा करवा दो. लिफ्ट भी नई लगवा देंगे. आपकी बात मान जाएँगी."

गजाननरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

सात वर्षांपूर्वी नाशिकहून इकडे उत्तरेत बदली झाली, तेव्हा रागिणीबाईंची शाळेत अठरा वर्षं झाली होती. विज्ञान शिकवायच्या. त्यांचा राजीनामा गजाननरावांनीच लिहिला होता, सुवाच्य अक्षरात, 'घरगुती कारणास्तव'. रागिणीबाईंनी तो वाचलासुद्धा नाही. सही केली आणि कुकर बघायला गेल्या. मुख्याध्यापकांनी अक्षराचं कौतुक केलं होतं. ते कौतुक अजूनही अधूनमधून आठवायचं आणि गजाननरावांना टोचायचं. इथे आल्यावर दोन वर्षं ही बाई घरात गप्प गप्प असायची. मग मंडळाचा अंक तिच्या हाती आला आणि ती पुन्हा मोठ्याने बोलायला लागली, भांडायला लागली, हसायला लागली. आता या लोकांना तोही काढून घ्यायचा होता.

"नहीं," गजाननराव म्हणाले.

"अंकलजी, सोच लो..."

"राजीनामा नहीं होगा!" ते ताडकन उठले. मांडीवरचा डबा खाली पडला, थालीपिठं फरशीवर पसरली. "एक बार हुआ, बस हो गया! मेरी बीवी राजीनामा नहीं देगी! आप लिफ्ट लगाव नहीं तो मत लगाव!"

अख्खा कॉरिडॉर वळून बघत होता. गजाननराव खाली बसले नाहीत.

लंचनंतर मॅडमनी विचारलं, "कोई बात बनी?"

"नहीं जी. अंकलजी ने साफ़ मना कर दिया," बिल्डरचे वकील म्हणाले.

रागिणीबाईंनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

बिल्डरचा अर्ज नामंजूर झाला. ऑर्डर इंग्रजीत होती. बाहेर आल्यावर हरलीनने ती समजावून सांगितली. दावा चालू राहील. लिहिलेलं खोटं ठरलं तर बिल्डरने भरपाई मागावी. पण खोटं काय ते दाखवल्याशिवाय आधीच कोणाचं तोंड बांधता येत नाही. आणि ग्राहक कोर्टाला कुलूप लावायची किल्ली या कोर्टाकडे नाही.

"पर अंकल," ती म्हणाली, "आपने राजीनामे को मना क्यों किया? आप ही तो चाहते थे."

"मैं क्यों चाहूँगा? इसका अंक छुड़वाने को?"

"छुड़वाना?" हरलीन गोंधळली, मग हसायला लागली. "अंकल, राजीनामा मतलब समझौता! इधर कोर्ट में समझौते को यही बोलते हैं. इस्तीफ़ा थोड़ी!"

दोघांचे चेहरे बघून ती हसायची थांबली. "मैं ऑर्डर की कॉपी का देखती हूँ," म्हणून निघून गेली.

गजाननराव बाकावर बसले. ज्या तडजोडीसाठी महिनाभर बायकोच्या पाया पडत होते, ती स्वतःहून चालत आली होती आणि त्यांनी ती सगळ्या कोर्टादेखत भिरकावून दिली होती.

"चुकलंच माझं. मला वाटलं, तुझा राजीनामा मागतायत." ते रिकाम्या डब्याकडे बघत राहिले. "म्हटलं, पुन्हा नाही. एकदा लिहिला तेवढा पुरे."

रागिणीबाईंनी पर्स उघडली आणि घडी घातलेला एक कागद त्यांच्या हातात दिला. यापुढे काही लिहिणार नाही, कुठल्याही कोर्टात जाणार नाही, असं त्यात टाईप केलेलं होतं. खाली रागिणीबाईंची सही होती.

"फोटोकॉपी कसली काढतेय! लंचमध्ये हाच आणायला गेले होते. तुम्हाला झोप लागत नाही ना."

"मग दिला का नाहीस?"

"जिन्यात होते. तुमचं ओरडणं ऐकू आलं." त्यांनी पर्सची चेन लावली. "हरलीन विचारत होती, अंकल ये क्या बोल रहे हैं? तिला नाही कळलं. मला कळलं."

रागिणीबाईंनी डोळे पुसले.

"फाडा आता. तुमच्याच हातांनी."

सही झालेला कागद गजाननरावांनी एकतीस वर्षांत कधी फाडला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग तो फाडला, आधी उभा, मग आडवा. चारही तुकडे नीट एकावर एक ठेवून त्यांनी डब्यात घातले आणि झाकण लावलं.